‘साठी बुद्धी नाठी’ म्हणून सोडू नका!
मेंदूचे फोटो वाचणारा संगणक आणि स्मृतिभ्रंशाचा आजार



या सदरात आम्ही एरवी बेण्याची निवड, खताचे डोस, तोडणीचा प्रोग्राम असे विषय घेतो. या खेपेस विषय थोडा वेगळा आहे. तो रानातला नाही, घरातला आहे. आणि त्याची सुरुवात आमच्याच एका चुकीपासून करायची आहे.

लागणीच्या नोंदी चालू असताना आमच्या एका गट ऑफिसात एक जुने सभासद आले. वय पंच्याहत्तरीच्या घरात, शेअरचा नंबर तोंडपाठ. प्लॉटची नोंद केली, चहा घेतला, गेले. चार दिवसांनी पुन्हा आले ते त्याच प्लॉटची नोंद करायला. आधीची पावती खिशातच होती. आठवड्याने तिसऱ्यांदा आले तेव्हा कुणीतरी म्हणालं, “अण्णा, एकाच रानात तीनदा ऊस लावला का काय?” सगळे हसले. आम्हीही त्यात होतो. म्हातारा माणूस कसनुसं हसला आणि छत्री तिथेच विसरून निघून गेला.

पुढे सात-आठ महिन्यांनी कळलं, की चाळीस वर्षं पायाखाली असलेल्या वस्तीच्या वाटेवर ते चुकले. पोरांनी रात्री बॅटऱ्या घेऊन शोधले. कॅनॉलच्या कडेला बसलेले सापडले. मग दवाखाना झाला, तपासण्या झाल्या, आणि स्मृतिभ्रंशाचे निदान झाले. त्यांचा मुलगा आम्हाला म्हणाला, “साहेब, तुमच्या ऑफिसात हे आधीच दिसलं होतं म्हणे. कुणी घरी एक शब्द सांगितला असता तर?” याला आमच्यापाशी उत्तर नव्हते.

त्याच सुमारास काही सभासदांनी विचारले, “मेंदूचा फोटो बघून कॉम्प्युटर हा आजार आधीच ओळखतो, असं ऐकतो. खरं काय? तालुक्याला मिळतं का?” एआय हा शब्द आता आपल्याला नवा नाही. बारामतीच्या ॲग्रिकल्चरल डेव्हलपमेंट ट्रस्टने ऊसाच्या प्लॉटवर त्याचे प्रयोग केल्यापासून चावडीवरही तो ऐकू येतो. पण ऊसावर चालतो तो एआय आणि माणसाच्या मेंदूवर चालतो तो एआय, यांची जात एक असली तरी जबाबदारी एक नाही. आम्ही डॉक्टर नव्हे. जाणकारांकडून समजून घेतले ते आपल्या भाषेत मांडतो.

हा आजार म्हणजे काय

वय झाले की विसर पडतो. चष्मा कुठे ठेवला, पाहुण्याचे नाव काय, हे पटकन आठवत नाही आणि नंतर आठवते. हा आजार नव्हे. पण चष्मा हातात धरून “हे कशाला असतं?” असा प्रश्न पडू लागला, रोजचा हिशेब जमेना, ओळखीची वाट परकी वाटू लागली, स्वभावच पालटला, तर ते वयाचे लक्षण मानू नये. त्याला स्मृतिभ्रंश म्हणतात, इंग्रजी शब्द डिमेन्शिया. ताप हे जसे एकाच रोगाचे नाव नाही, तसाच डिमेन्शिया हाही एक रोग नाही. त्याच्यामागे निरनिराळे रोग असतात. शंभरातल्या साठ-सत्तर रोग्यांत कारण असते अल्झायमरचे. मेंदूच्या बारीक रक्तवाहिन्या तुंबल्यानेही तो होतो, आणि इतरही प्रकार आहेत.

अल्झायमर हे एका जर्मन डॉक्टरांचे नाव. १९०१ साली फ्रँकफुर्टच्या इस्पितळात ऑगस्टे नावाची ५१ वर्षांची बाई दाखल झाली. तिला काही आठवेना, शब्द सापडेनात. १९०६ साली ती वारल्यावर डॉक्टर अलॉइस अल्झायमर यांनी तिचा मेंदू सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला. मेंदू झिजून आक्रसला होता. पेशींच्या बाहेर चिवट गाठी आणि आत गुंतलेले दोरे दिसले. ही आजाराची पहिली नीट नोंद.

यातली मेख लक्षात घ्या. आजार दिसला तो मेल्यानंतर. ऊसावर लाल कूज आली का हे बघायचे तर आपण कांडे उभे चिरतो. आत तांबडे आणि मधे मधे पांढरे पट्टे दिसले की खात्री पटते. पण जित्या माणसाचा मेंदू चिरून बघता येत नाही. न चिरता आत बघायचे कसे, हाच वैद्यकापुढचा प्रश्न होता.

आपल्या देशात याचे प्रमाण किती? २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या एका देशव्यापी अभ्यासानुसार साठीच्या वरच्या लोकांत ते सुमारे ७.४ टक्के आहे, म्हणजे जवळजवळ ८८ लाख माणसे. शहरापेक्षा खेड्यात जास्त, पुरुषांपेक्षा स्त्रियांत जास्त. तेव्हा ‘हा शहरातल्या लोकांचा रोग’ ही समजूत काढून टाकावी.

न चिरता आत पाहणे

१९७१ साली इंग्लंडात हाउन्सफिल्ड यांच्या यंत्राने पहिल्यांदा जिवंत रोग्याच्या मेंदूचा सीटी स्कॅन झाला. त्यात क्ष-किरण वापरतात. नंतर एमआरआय आले. त्यात क्ष-किरण नाहीत, मोठा लोहचुंबक आणि रेडिओ लहरी असतात. रोग्याला बोगद्यासारख्या यंत्रात निजवतात. ठकठक आवाज बराच होतो, पण दुखत खुपत काही नाही. मात्र हृदयाला बसवलेले यंत्र, शरीरातली धातूची पट्टी, स्क्रू, क्लिप हे सर्व आधी सांगावे लागते.

अल्झायमरमध्ये डॉक्टर एमआरआयवर काय बघतात? कानशिलाच्या आतल्या बाजूला, डावीकडे एक आणि उजवीकडे एक, असे बोटाएवढे दोन वळणदार भाग असतात. आकार समुद्रघोड्यासारखा, म्हणून ग्रीक भाषेतल्या नावावरून त्यांना हिप्पोकॅम्पस म्हणतात. नवी गोष्ट आठवणीत साठवण्याचे काम इथे चालते. निरोगी म्हाताऱ्या माणसातही हा भाग वर्षाला साधारण दीड टक्क्याने आक्रसतो. अल्झायमरच्या रोग्यात तो चार-साडेचार टक्क्यांच्या वेगाने झिजतो. म्हणूनच जुन्या गोष्टी खडानखडा आठवतात आणि सकाळी काय खाल्ले ते आठवत नाही. कोठारातला जुना माल शाबूत असतो, दारातून नवा माल आत जात नाही.

तिसरा प्रकार पेट स्कॅनचा, आणि तो आपल्या धंद्याला जवळचा आहे. मेंदू चालतो मुख्यतः ग्लुकोजवर. ऊसाची साखर म्हणजे ग्लुकोज आणि फ्रुक्टोज यांची जोडी, त्यातलाच हा ग्लुकोज. शरीराच्या वजनात मेंदूचा वाटा दोन टक्क्यांच्या आसपास, पण खर्चात वीस टक्के! पेट स्कॅनमध्ये किंचित किरणोत्सर्गी खूण लावलेला ग्लुकोज शिरेतून देतात. मेंदूचा जो भाग कामात आहे तो ग्लुकोज ओढून घेतो आणि फोटोत उजळ दिसतो. जो मंदावला तो फिका दिसतो. बॉयलरमध्ये बगॅस किती जळतो यावरून गिरणीचा जोर कळावा, तसलेच हे. (यावरून कुणी साखर जास्त खायची असा अर्थ काढू नये. मधुमेह हा उलट स्मृतिभ्रंशाला निमंत्रण देणारा आहे, पुढे सांगितलेच आहे.)

यंत्राला शिकवतात कसे

आता कॉम्प्युटरकडे वळू. आपल्या कारखान्यातला जुना पॅनमन आठवा. पॅनमधला शिजता माल काचेच्या तुकड्यावर घेतो, उजेडात धरतो आणि सांगतो, “दाणा आला, आता चालू द्या.” त्याला विचारा, कशावरून ओळखलं? नीट सांगता येणार नाही. पुस्तकात वाचून तो शिकलेला नाही. हजारो वेळा काच बघितली, चुकला, वस्तादाच्या शिव्या खाल्ल्या, पुन्हा बघितली, आणि नजर तयार झाली.

डीप लर्निंग म्हणजे यंत्राची नजर अशी तयार करणे. पूर्वी कॉम्प्युटरला माणूस नियम लिहून देत असे : हिप्पोकॅम्पस अमुक मापापेक्षा लहान असेल तर असे समज. आता नियम देत नाहीत, उदाहरणे देतात. हजारो माणसांचे स्कॅन, आणि प्रत्येकावर चिठ्ठी : हा निरोगी, याला सौम्य विसर, याला अल्झायमर.

मेंदूचा एक एमआरआय म्हणजे सुमारे एक कोटी बारीक चौकोनी ठिपके, आणि प्रत्येक ठिपक्याला उजेड-काळोखाचा एक आकडा. हे आकडे यंत्रात एकामागून एक लावलेल्या थरांतून जातात. मिलच्या टँडममध्ये ऊस पहिल्या मिलमधून दुसऱ्या, तिसऱ्या मिलमध्ये जावा तसे. पहिला थर फक्त कडा ओळखतो, कुठे उजेड संपून काळोख सुरू झाला ते. पुढचा थर त्या कडा जोडून वळणे ओळखतो. त्याच्या पुढचा आकार ओळखतो. शेवटचा थर निकाल देतो : अल्झायमरची शक्यता अमुक टक्के. थर पुष्कळ, म्हणून त्याला ‘डीप’ म्हणजे खोल असे नाव पडले.

सुरुवातीला निकाल अंदाजपंचे असतो. मग उत्तर चिठ्ठीशी ताडून पाहतात. चूक निघाली की शेवटच्या थरापासून मागे मागे येत प्रत्येक थरातली सेटिंग किंचित बदलतात. लॅबमध्ये बगॅस तपासला, साखर जास्त राहिलेली दिसली, की इंजिनीअर मिलची सेटिंग बदलतो, तसेच. फरक इतकाच, की मिलला सेटिंगच्या जागा मोजक्या, आणि या यंत्रात त्या लाखो-कोटींच्या घरात. एकेक उदाहरण दाखवत हे लाखो वेळा चालते. शेवटी यंत्राची नजर बसते.

ही कल्पना आजची नाही. जपानच्या फुकुशिमा यांनी अशा थरांच्या रचनेचे यंत्र १९८० साली मांडले होते. पण पुरेसे वेगवान कॉम्प्युटर आणि पुरेसे फोटो नव्हते. २०१२ साली फोटो ओळखण्याच्या मोठ्या स्पर्धेत या पद्धतीने बाकीच्यांना मागे टाकले आणि मग गाडी सुटली. या विषयाचा पाया घालणारे हॉपफिल्ड आणि हिंटन यांना २०२४ चे भौतिकशास्त्राचे नोबेल मिळाले.

फोटो कुठून आले, तेही सांगण्यासारखे आहे. २००४ साली अमेरिकेत एक मोठा प्रकल्प सुरू झाला, त्याचे नाव एडीएनआय. निरोगी, सौम्य विसर असलेल्या आणि अल्झायमर झालेल्या माणसांचे स्कॅन वर्षानुवर्षे काढायचे आणि जगातल्या संशोधकांना अभ्यासाला खुले करायचे, असे ठरले. प्रत्येकाने आपापली पोती आपापल्या घरात न ठेवता एका कोठारात टाकली. सहकार दुसरा काय असतो? त्या कोठारावर जगभरचे संशोधन उभे आहे.

कामगिरी काय झाली

दोन उदाहरणे देतो.

२०१८ च्या अखेरीस सॅन फ्रान्सिस्कोच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या संशोधकांनी १,००२ माणसांचे २,१०९ ग्लुकोज-पेट स्कॅन वापरून यंत्र तयार केले. मग यंत्राने कधी न पाहिलेल्या ४० माणसांचे स्कॅन त्याच्यापुढे ठेवले. ज्यांना पुढे अल्झायमरचे निदान झाले त्या सर्वांना यंत्राने ओळखले. आणि हे अंतिम निदान होण्याच्या सरासरी ७५.८ महिने आधी, म्हणजे सहा वर्षांहून जास्त! ज्यांना तो झाला नाही, त्यांच्यापैकी ८२ टक्क्यांना यंत्राने बरोबर वगळले. ‘सहा वर्षं आधी कळतं’ ही बातमी फिरते, ती इथून आली. पण चाचणी चाळीस जणांची होती, हे बातमी सांगत नाही.

दुसरे उदाहरण बोस्टन विद्यापीठाचे, २०२४ सालचे. तिथे ५१,२६९ माणसांची माहिती घेतली. नुसता स्कॅन नाही, तर वय, जुने आजार, औषधे, स्मरणशक्तीच्या चाचण्या असे सगळे एकत्र दिले. यंत्राने नुसते ‘आहे की नाही’ एवढेच न सांगता कोणत्या प्रकारचा स्मृतिभ्रंश आहे हेही सांगायचा प्रयत्न केला. मेंदूतज्ज्ञांच्या मताला यंत्राच्या मताची जोड दिली तेव्हा निकाल एकट्या तज्ज्ञांपेक्षा पुष्कळ सुधारला. आमच्या मते हेच खरे वळण. यंत्र डॉक्टरच्या जागी न बसता शेजारी बसते, तेव्हा कामाचे ठरते.

घोळ कुठे होतो

कोणतेही वाण आधी पाडेगावच्या प्लॉटवर चमकते. खरी परीक्षा होते ती आपल्या चोपण रानात. या यंत्रांचेही तसेच आहे. चार गोष्टी ध्यानात ठेवा.

पहिली, पेपर फुटणे. एका माणसाच्या स्कॅनमधून शेकडो काप निघतात. त्यातले काही काप शिकवायला वापरले आणि त्याच माणसाचे उरलेले काप परीक्षेला ठेवले, तर यंत्र आजार ओळखत नाही, तो माणूसच ओळखते. गुण मात्र पंच्याण्णवच्या वर! फ्रान्समधल्या संशोधकांनी २०२० साली अशा निबंधांची छाननी केली, तेव्हा निम्म्याहून अधिक निबंधांत हा दोष असण्याची शक्यता त्यांना आढळली. म्हणून ‘९९ टक्के अचूक’ असे कुणी म्हणाले की पहिला प्रश्न विचारावा, परीक्षा कुणावर घेतली?

दुसरी, भलतेच शिकणे. २०१८ साली न्यूयॉर्कच्या संशोधकांनी छातीच्या एक्स-रेवरून न्यूमोनिया ओळखणाऱ्या यंत्राची उलटतपासणी केली. ते यंत्र फुप्फुसाबरोबरच फोटो कोणत्या इस्पितळातला हे ओळखायलाही शिकले होते. ज्या इस्पितळात न्यूमोनियाचे रोगी जास्त, तिथल्या फोटोला न्यूमोनिया म्हणायचे! नव्या इस्पितळात नेले की गुण घसरले. मेंदूच्या स्कॅनमध्येही मशिनची बनावट, चुंबकाची ताकद, रोग्याची हालचाल यांमुळे असाच चकवा बसू शकतो.

तिसरी, माणसे कुणाची? जगातली बहुतेक शिकवणी अमेरिका-युरोपातल्या, आणि बऱ्याचशा शिकलेल्या, गोऱ्या लोकांच्या स्कॅनवर झाली. हैदराबादच्या आयआयआयटी संस्थेने २०१९ साली शंभर भारतीयांच्या स्कॅनवरून भारतीय मेंदूचा नकाशा तयार केला. सरासरी उंची, रुंदी आणि आकारमान पाश्चात्त्य तसेच चिनी-कोरियन मेंदूपेक्षा कमी निघाले. याचा बुद्धीशी काही संबंध नाही, जसा चपलेच्या मापाचा चालण्याशी नाही. पण दुसऱ्याच्या मापाची पट्टी लावली तर आपला निरोगी मेंदूही ‘आक्रसलेला’ ठरायचा धोका आहे.

यावर उपाय म्हणजे आपल्या माणसांची माहिती. कर्नाटकात कोलार जिल्ह्यातल्या श्रीनिवासपूर भागात बंगळुरूच्या सेंटर फॉर ब्रेन रिसर्चने ४५ वर्षांवरच्या दहा हजार ग्रामीण लोकांचा वर्षानुवर्षे अभ्यास करायचे काम हाती घेतले आहे. खेड्यातली, शेतात राबलेली माणसे. आपल्या मेंदूची पट्टी तयार होईल ती अशा कामातून.

चौथी गोष्ट साध्या गणिताची. समजा गावोगावच्या साठीवरच्या १,००० माणसांना सरसकट यंत्रापुढे उभे केले. वरच्या प्रमाणाने त्यांत स्मृतिभ्रंश असलेले ७४. यंत्र चांगले आहे, रोगी असो की निरोगी, शंभरात नव्वद वेळा बरोबर सांगते असे धरू. ७४ पैकी ६७ सापडतील. उरलेले निरोगी ९२६, त्यांतल्या दहा टक्क्यांना, म्हणजे ९३ जणांना यंत्र चुकून रोगी म्हणेल. एकूण चिठ्ठ्या निघाल्या १६०, त्यांत खरे रोगी ६७ आणि निष्कारण धास्तावलेले ९३! म्हणजे चांगले यंत्रसुद्धा सरसकट लावले तर निम्म्याहून अधिक वेळा खोटी घंटा वाजवते. म्हणून काही तक्रार नसताना ‘मेंदूची एआय तपासणी, खास सवलतीत’ अशी जाहिरात कुणी दारात आणली तर पैसे खिशातच ठेवा. तपासणी करायची ती लक्षण दिसल्यावर, आणि डॉक्टरने सांगितल्यावर.

आधी कळून करायचे काय

काही जण म्हणतात, औषध नाही तर कळून तरी काय उपयोग? हा प्रश्न रास्त आहे. अल्झायमर पुरता बरा करणारे औषध आजही नाही. अमेरिकेत २०२३ साली लेकानेमॅब आणि २०२४ साली डोनानेमॅब या औषधांना मान्यता मिळाली. ती आजाराची चाल काहीशी मंद करतात, तीही सुरुवातीच्या पायरीवरच. त्यात मेंदूला सूज किंवा रक्तस्राव होण्याचा धोकाही आहे. पण लवकर कळण्याचे आणखी तीन फायदे आहेत, आणि आपल्यासाठी तेच मोठे.

पहिला, सगळाच विसराळूपणा अल्झायमर नसतो. थायरॉईड कमी होणे, बी-१२ जीवनसत्त्वाची कमतरता, मनाचे नैराश्य, काही गोळ्यांचा परिणाम यांनीही माणूस भ्रमिष्टासारखा वागतो, आणि उपचाराने सुधारतो. आमच्या पाहण्यातल्या एका घरी आजोबा महिनाभरात गोंधळायला लागले. घरच्यांनी म्हातारचळ म्हणून सोडून दिले. सुनेने मात्र आठवण काढली, की महिन्यापूर्वी गोठ्यात पाय घसरून डोके आपटले होते. साधा सीटी स्कॅन केला. कवटीच्या आत रक्त साचलेले निघाले. ऑपरेशन झाले. आजोबा आज दूध डेअरीला स्वतः घालतात. तिथे एआयची गरज पडली नाही, वेळेवर शंका घेणारे माणूस लागले.

दुसरा, व्यवहाराचा. करार करणाऱ्याची समज शाबूत असावी लागते, असे १८७२ चा करार कायदा सांगतो. आजार वाढल्यावर माणूस खरेदीखत, बक्षीसपत्र, कर्जाचे कागद यांवर अंगठा उठवू लागला तर घरात भांडण आणि कोर्टात तारखा. लवकर कळले तर जमीन, बँक, शेअरवरची वारस नोंद यांचा निर्णय ज्याचा त्याला, शुद्धीत असताना घेता येतो. माणसाचा हा मान राखणे हाही उपचारच.

तिसरा, घराची समजूत. “बाबा मुद्दाम करतात” असे वाटणे आणि “बाबांना आजार आहे” हे कळणे, यात त्या घराचे सगळे सुख-दुःख आहे.

आजार लांबवता येतो का? लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकाच्या २०२४ च्या अहवालानुसार, आपल्या हातातल्या चौदा कारणांकडे लक्ष दिले तर जगातले सुमारे ४५ टक्के स्मृतिभ्रंश टाळता किंवा लांबवता येण्यासारखे आहेत. कारणे ओळखीचीच : कमी शिक्षण, रक्तदाब, मधुमेह, वाढलेले कोलेस्टेरॉल, लठ्ठपणा, बैठे जीवन, तंबाखूचा धूर, जास्त दारू, डोक्याला मार, धुरकट हवा, नैराश्य, एकटेपणा, आणि ऐकू न येणे व कमी दिसणे यांवर उपचार न करणे. म्हणजे एआय स्कॅनच्या आधी रक्तदाब मोजणे, मोतीबिंदू काढणे, कानाचे मशिन घेणे आणि मोटारसायकलवर हेल्मेट घालणे. ही तपासणी तालुक्यातच होते.

सभासदांनी काय करावे

१) तोच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारणे, ओळखीची वाट चुकणे, पैशाचा हिशेब न जमणे, स्वभाव अचानक पालटणे, यांपैकी काही दिसले तर चेष्टा करू नये. कधी सुरू झाले आणि कसकसे वाढले ते तारखेनिशी वहीत लिहावे. डॉक्टरला ही वही स्कॅनइतकीच उपयोगी पडते.

२) आधी गावच्या किंवा तालुक्याच्या डॉक्टरकडून रक्तदाब, साखर, थायरॉईड, बी-१२ तपासून घ्यावे. चालू गोळ्यांची पाकिटे सोबत न्यावीत. पुढे मेंदूतज्ज्ञ किंवा मानसोपचारतज्ज्ञ.

३) गोंधळ अचानक, तास-दोन तासांत किंवा एक-दोन दिवसांत आला, अथवा पडल्यानंतर आला, तर वाट न बघता इस्पितळ गाठावे.

४) कॉम्प्युटरचा रिपोर्ट हाती आला तरी अंतिम निदान डॉक्टरचे. डॉक्टरला बेलाशक विचारावे, हे यंत्र आपल्याकडच्या माणसांवर तपासले आहे का?

५) ज्येष्ठांच्या अडचणींसाठी १४५६७ या क्रमांकाची राष्ट्रीय हेल्पलाइन आहे.

आणि सहावी गोष्ट आम्हा कर्मचाऱ्यांसाठी. आमच्या गट ऑफिसांत आम्ही ठरवले आहे, की कुणी वडीलधारे सभासद तीच नोंद करायला दुसऱ्यांदा आले तर हसायचे नाही. बसवायचे, पाणी द्यायचे, पावती दाखवायची, घरापर्यंत सोबत द्यायची आणि घरच्या कर्त्या माणसाला बाजूला घेऊन शांतपणे सांगायचे. यंत्राची नजर तयार व्हायला हजारो फोटो लागतात. आपल्या नजरेला तर तीन पावत्या पुरेशा होत्या. आम्ही पाहिले, पण ओळखले नाही.

ते सभासद आता घरीच असतात. मध्यंतरी आम्ही त्यांची छत्री पोचती करायला गेलो. आमचे नाव त्यांना आठवले नाही. पण चहा घेतल्याशिवाय जाऊ दिले नाही, आणि शेअरचा नंबर अजून तोंडपाठ म्हणून दाखवला.



— संपादक मंडळ